सूनबाईच्या इंग्रजीची माफी

सोमवार, ४ ऑगस्ट

आज सकाळी चहा पिण्याच्या आत माझ्या घरात इंग्रजी भाषेचा तीनदा गळा आवळला गेला. आवळणारी माझी स्वतःची सून! मी इब्राहिम मुलाणी, लोणी भापकरच्या हायस्कुलात सगळी हयात इंग्रजी शिकवून रिटायर झालेला माणूस, मला हे ऐकावं लागावं?

समिना लोणी देवकरच्या एमआयडीसीत लागली आहे. प्लॅस्टिकचे क्रेट बनवणारी कंपनी आहे. हिचं काम डिस्पॅचला, फोनवर. माल घेऊन निघालेली गाडी कुठे आहे, का अडली, कागद आहेत का, हे ड्रायव्हरांना विचारायचं. गाड्या पार चेन्नई-कोइमतूरपर्यंत जातात. त्या ड्रायव्हरांना हिंदी येत नाही, हिला तमिळ येत नाही, म्हणून मग इंग्रजी. तीन महिने काम बघणार आणि मग कायम करणार. पोरगी बी.कॉम. होऊन लग्नानंतर घरातच बसली होती, त्यामुळे कायम व्हायचा तिने ध्यासच घेतला आहे. माझी काही हरकत नाही. पण इंग्रजी! ड्यूटी संपली तरी तिचा फोन वाजतच राहतो. आजचं संभाषण जसंच्या तसं लिहितो:

"हां अण्णा, टेल. नो नो, टेन्शन नको. वन स्मॉल प्रॉब्लेम इज देअर. पेपर वुई मिस्ड ओन्ली. आय विल जस्ट चेक अँड टेल. वुई विल सी, हां?"

'प्रॉब्लेम इज देअर'! अगं, 'देअर इज अ प्रॉब्लेम'! आणि 'ओन्ली' कशासाठी? शेपटासारखं मागे लोंबतंय. 'वुई विल सी' म्हणजे काय बघणार, कधी बघणार, कोण बघणार? आणि सगळ्यात संताप आणणारी गोष्ट अशी की कागद हरवला त्या ड्रायव्हरने. ही खुर्चीवरून हललीसुद्धा नव्हती. तरी म्हणते 'वुई मिस्ड'. चुकीचं व्याकरण एक वेळ माफ करीन, पण व्याकरणात बसवलेलं खोटं?

दैनंदिनी मात्र मी मराठीतच लिहितो. रागवायला मराठी बरी पडते.

गुरुवार, ७ ऑगस्ट

मी आता या प्रकाराचा नीट अभ्यास करायचं ठरवलं आहे. लिहिलेलं इंग्रजी आणि बोललेलं इंग्रजी दोन्ही ऐकायचं, वाचायचं, ताडून बघायचं.

सकाळी इंदापूरच्या एसटी स्टँडपर्यंत फिरून आलो आणि वाटेतल्या पाट्या वाचल्या. 'पार्किंग इज स्ट्रिक्टली प्रोहिबिटेड.' 'ट्रेसपासर्स विल बी प्रोसिक्यूटेड.' एका बँकेच्या दारावर कागद होता, 'इट हॅज बीन डिसायडेड टू रिवाइज द टायमिंग्ज.' वाचून बरं वाटलं. वाक्यात कुठे मी नाही, तू नाही, कोणाचा आवाज चढलेला नाही. शाळेत मुलांना मी हेच सांगायचो की पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे इस्त्री केलेला शर्ट.

आणि घरी? सगळी वाक्यं 'आय', 'यू', 'वुई'ने भरलेली. अर्ध्यात तुटतात, 'सो'ने सुरू होतात, 'ना'ने संपतात. मध्येमध्ये 'जस्ट', 'ॲक्च्युअली', 'लिटल बिट'. चार टन माल गेटवर अडला आहे आणि हिचा म्हणे 'स्मॉल' प्रॉब्लेम!

फिरताना बरोबर सोनबाराव होते. यांच्या आजोबांची मेंढरं होती, यांच्या दोन ट्रक आहेत आणि त्या याच कंपनीत लागतात. मी त्यांना माझं दुःख सांगितलं तर म्हणाले, "सर, आमचं डायवर तर म्हनत्यात, फोनवर तीच ताई पायजे. बाकीचं नुसतं खेकसत्यात."

सोनबारावांचा इंग्रजीशी संबंध गाडीच्या नंबरप्लेटपुरता. त्यांचं मत मी मनावर घेतलं नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

समिना बोलत असताना शेजारी उभं राहून हळूच दुरुस्त्या सांगायला सुरुवात केली आहे. तिला सोपं जावं म्हणून. आज ती म्हणाली, "गेटपास इज नॉट देअर." मी लगेच म्हणालो, "देअर इज नो गेटपास!" पलीकडच्या ड्रायव्हरला ते ऐकू गेलं. तो बिचारा घाबरून ओरडायला लागला की आधी 'नॉट देअर' म्हणालात, आता 'नो' म्हणता, म्हणजे मिळणारच नाही का? त्याला शांत करण्यात समिनाची पाच मिनिटं गेली.

आमची बायको मेहबूबबी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, पोरीच्या जिभंवर पहारा कशाला बसिवताय?"

मी म्हणालो, पहारा नव्हे, मार्गदर्शन.

एक सुधारणा मात्र दिसते. समिना हल्ली फोन आला की गच्चीवर जाते. तिथे रेंज चांगली मिळते म्हणते. मला तर खाली पूर्ण रेंज मिळते. पण मी वाद घातला नाही.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदनाला लोणी भापकरच्या शाळेत गेलो होतो. जुन्या माणसांना बोलावतात अजून. बारामतीपर्यंत मुलाच्या, आफताबच्या गाडीवर गेलो, तो तिथल्या ट्रॅक्टरच्या शोरूमात कामाला आहे. पुढे एसटीने.

नव्या मुख्याध्यापकांशी बोलताना जुन्या आठवणी निघाल्या. आमच्या वेळी मुलगा इंग्रजीत मागे पडला की घरचं मोठं माणूस शाळेत यायचं. वडील, नाहीतर चुलते, नाहीतर आजोबा. फेटा सारखा करून दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "गुरुजी, पोरगं चुकतंय, पदरात घ्या." मग मीही त्या मुलाकडे जास्त लक्ष द्यायचो. मुख्याध्यापक म्हणाले, "आता कोण येतंय सर? मेसेज टाकतात."

परत येताना सगळ्या वाटेत हेच डोक्यात होतं. समिनाचे तीन महिने संपत आले. कंपनीतल्या लोकांना तिचं इंग्रजी रोज ऐकू येत असणार. सभ्य असतील म्हणून गप्प असतील. कायम करायच्या वेळी मात्र हीच गोष्ट आडवी येईल. तिच्यासाठी घरचं मोठं माणूस म्हणून कोणी जायला नको का? आफताबला यातलं काही कळत नाही. राहिलो मी.

सोमवार, १८ ऑगस्ट

गेलो. बरं केलं.

कोट घातला. वाटेत अर्धा किलो पेढे घेतले. गेटवरच्या शिपायाने 'काम काय?' विचारलं तेव्हा सांगितलं, पालक आहे.

मॅनेजर ऋषिराज म्हणून आहेत, वय तिशीच्या आतबाहेर, अंगात टी-शर्ट. मी बसलो नाही. उभ्यानेच म्हणालो, "सर, आय हॅव कम टू टेंडर ॲन अपॉलॉजी ऑन बिहाफ ऑफ माय डॉटर-इन-लॉ फॉर हर डिफेक्टिव्ह इंग्लिश. इट शॅल बी रेक्टिफाइड." रात्री दोनदा घोकून ठेवलं होतं. एक शब्द चुकला नाही.

ऋषिराज उठूनच उभे राहिले. "अहो सर, बसा ना. कसली माफी? काय झालं?"

मी उदाहरणं दिली. 'इज देअर'. 'मिस्ड ओन्ली'. 'वुई विल सी'. ते ऐकताना त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता, सर्दी असावी. मग म्हणाले, "नो नो सर, ऑल गुड ओन्ली."

हाही तसलाच! आता कोणाला सांगायचं? पण मी जाणूनबुजून दुर्लक्ष केलं, पेढे टेबलावर ठेवले आणि तिच्यावर लक्ष असू द्या म्हणालो.

त्यांच्या खोलीला काच आहे. काचेपलीकडे समिना कानाला हेडफोन लावून बसली होती. तिने मला बघितलं. हात केला नाही, उठली नाही, नुसती बघत राहिली. ऑफिसची शिस्त पाळली, हे मला आवडलं.

गुरुवार, २१ ऑगस्ट

मला आज फार राग आला आहे आणि तो नक्की कोणावर काढावा हे ठरत नाही.

कंपनीची दर आठवड्याला मीटिंग असते. त्यात या ऋषिराजांनी माझ्या भेटीची हकिकत गंमत म्हणून सांगितली! मी गेलो कशासाठी, यांनी केलं काय? सगळे हसले म्हणे. पण पुण्याच्या हेड ऑफिसातल्या एक मॅडम स्क्रीनवर होत्या, त्या हसल्या नाहीत. घरचा माणूसच येऊन इंग्रजी कच्चं आहे म्हणतो, तर आधी हेड ऑफिसची लेखी परीक्षा घ्या, मग कायम करा, असं त्या म्हणाल्या. शनिवारी तीस तारखेला परीक्षा. नापास झाली तर घरी.

हे समिनाने दारातच सांगितलं, पर्स खांद्यावरून न काढता.

"अब्बा, त्येंनी पुढच्या सोमवारी मला कायमचं लेटर देणार म्हनून सांगितलं हुतं. टाईप करून तयार हुतं." मग म्हणाली, "समदी हसली. मी तितं रडले न्हाय. हितं बी रडनार न्हाय. पर तुमी एकदा मला इचारायचं हुतं."

आफताब जेवला नाही. मेहबूबबीने माझं ताट वाढलं, पण भाकरी ताटात ठेवली नाही, टाकली.

एका माणसाने आपली सगळी विद्या घरच्यांसाठी घेऊन उन्हात दोन बस बदलत जावं आणि त्याला हे फळ? कोणाची चूक काढायला गेलो होतो मी? तिच्याच भल्यासाठी गेलो ना? आणि खरं सांगायचं तर त्या मॅडमचं काय चुकलं? परीक्षा झालीच पाहिजे. मी असतो तर मीही घेतली असती.

उद्यापासून शिकवणी. परीक्षेपर्यंत माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलायचं आणि वाक्य पूर्ण असलं पाहिजे, असा नियम केला. समिना "येस, अब्बा" म्हणाली. हे पूर्ण वाक्य नव्हे, पण आज सोडून दिलं.

मंगळवार, २६ ऑगस्ट

हुशार आहे! एकदा सांगितलं की परत सांगावं लागत नाही. पॅसिव्ह व्हॉइस दोन दिवसांत आला. शाळेत असती तर हिला मी तालुक्याच्या स्पर्धेला पाठवली असती.

शिकवणीच्या वेळी तिचा फोन वाजत राहतो. ती बंद करते. आज एक ड्रायव्हर सारखा करत होता. मी म्हणालो, घे, पण नीट बोल. तिने घेतला आणि म्हणाली, "युअर कन्साइनमेंट विल बी क्लिअर्ड आफ्टर व्हेरिफिकेशन." मग तो म्हणाला, "सिस्टर? इज इट सिस्टर?"

तिने फोन ठेवला आणि पदराने डोळे पुसले. कांदा चिरून आली होती.

शनिवार, ३० ऑगस्ट

परीक्षा झाली. पेपर सोपा गेला म्हणाली. "द पेपर वॉज नॉट डिफिकल्ट." उत्तम.

गुरुवार, ४ सप्टेंबर

फत्ते! समिना कायम झाली. आजवर त्या परीक्षेत कोणाला इतके मार्क पडले नव्हते म्हणे. मी पेढे आणले, यावेळी एक किलो.

पत्र तिने माझ्या हातात दिलं. मी ते बैठकीत मोठ्याने वाचलं. 'इट हॅज बीन डिसायडेड टू यूटिलाइझ हर रिटन स्किल्स इन द डॉक्युमेंटेशन सेक्शन.' काय वाक्य आहे! दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मेहबूबबी म्हणाली, "त्येचा अर्थ सांगा की."

अर्थ असा की आता फोन नाही. आत बसून कागद आणि मेल लिहायचे. फोनवर दुसरा कोणी बसणार.

समिना आत निघून गेली. मी म्हणालो, अगं, ही तर बढती म्हणायची. ड्रायव्हरांच्या कटकटीतून सुटलीस.

मेहबूबबी माझ्या समोर येऊन बसली. तशी ती क्वचितच बसते. "तुमास्नी खरंच दिसत न्हाय का हो? त्या फोनवर जीव हुता तिचा. चेन्नईचा एक म्हातारा डायवर तिला लेक म्हनायचा. त्येच्या नातीचं नाव काय ठिवलं ते त्यानं पैलं हिला सांगितलं. पोरगी कामावरनं यायची तवा तोंडावर उजेड असायचा."

मी म्हणालो, मग हे ठरवलं कोणी? मी आत्ता जाऊन विचारतो.

"आता परत कोट घालाल तर मी कात्रीनं कापीन त्यो."

मी पत्र पुन्हा वाचलं. कोणी ठरवलं ते वाक्यात कुठेच नाही. मॅडमने? ऋषिराजने? भांडायला जावं तर कोणाच्या दारात? असलं वाक्य सभ्य माणसाने लिहावंच कसं? समोर येऊन नाव सांगायला काय होतं यांना?

गुरुवार, ११ सप्टेंबर

परीक्षा होऊन गेली, नियम संपला. हे मी समिनाला स्वच्छ सांगितलं. तरी ती माझ्याशी इंग्रजीतच बोलते.

सकाळी, "द टी हॅज बीन केप्ट ऑन द टेबल." दुपारी, "द मेडिसिन शुड बी टेकन आफ्टर मील्स." मी बाहेर निघालो तर, "द गेट इज ओपन." निर्दोष. एकाही वाक्यात चूक सापडत नाही. मी शोधली.

आधी काय असायचं? "अब्बा, च्या घ्या, निवला तर परत तापवून द्यायची न्हाय मी, सांगून ठिवते!" "अब्बा, साखरेचा डबा तुमीच उघडला न्हवं?" असं भांड्यांच्या आवाजात अर्धवट ओरडणं. सासऱ्याशी असं बोलतात का, म्हणून मी तेव्हा रागवायचो.

सासूशी ती मराठीतच बोलते. काल दोघी खळखळून हसत होत्या. मी दारात आलो आणि हसणं थांबलं. "इज एनीथिंग रिक्वायर्ड?" मी म्हणालो, नाही. पाणी हवं होतं खरं तर.

सोनबाराव वेगळेच तापले आहेत. त्यांची ट्रक तुमकूरच्या पुढे दोन दिवस उभी. फोनवर बसवलेला नवा मुलगा बी.ई. आहे, इंग्रजी चोख. ड्रायव्हरला म्हणाला, "व्हाय वॉज द डॉक्युमेंट नॉट कॅरीड?" ड्रायव्हरने फोनच बंद करून टाकला. सोनबाराव म्हणाले, "सर, रागावू नगा, पर त्या ताईनं 'आपलंच चुकलं' म्हनून त्येला गोंजारलं असतं. दोन तासांत गाडी हालली असती."

मी रागावलो. खूप रागावलो. घरी येईपर्यंत रागावलेलो होतो. घरी कोणी विचारलं नाही का ते.

रविवार, १४ सप्टेंबर

आज समिनाला सुट्टी होती. सकाळी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी वर गेलो. गुडघे दुखतात म्हणून मी सहसा वर जात नाही.

मला बघून ती "द चेअर इज" असं काहीतरी म्हणायला लागली तोच मी हात वर केला. मुलांना गप्प करायचो तसा. मग मलाच पुढचं सुचेना. मनात दोन वाक्यं तयार करून आणली होती, कोट घातल्यासारखी. ती तोंडातून निघेनात. 'इट इज डीपली रिग्रेटेड.' कोणी रिग्रेट केलं, वाक्यात माणूसच नाही. त्या पत्रावर मी ज्यासाठी चिडलो, तेच मी तिला देणार होतो.

म्हणून म्हणालो, "समिना, वन स्मॉल प्रॉब्लेम इज देअर."

ती थांबली. हातात आफताबचा ओला शर्ट, तोंडात चिमटा.

आता 'वुई मिस्ड' म्हणायचं होतं. तिची तीच पद्धत. पण कंपनीत वुई नव्हतो गेलो. ती काचेपलीकडे बसली होती आणि गेलो होतो मी एकटा, पेढे घेऊन.

"आय मिस्ड," मी म्हणालो. आणि थोड्या वेळाने, "ओन्ली."

खाली रस्त्यावरून सोलापूरकडे जाणारी एसटी गेली. समिनाने शर्ट झटकला, दोरीवर टाकला, तोंडातला चिमटा काढून त्याला लावला. दुसरा शर्ट उचलला. तोही लावला. माझ्याकडे बघितलं नाही.

मग म्हणाली, "बघू, अब्बा."

काय बघणार, कधी बघणार, कोण बघणार, वाक्यात काहीसुद्धा नाही. मी मान हलवली आणि जिना उतरायला लागलो.

"अब्बा!" ती वरून ओरडली. "शेवटची पायरी वली हाय! बगून उतरा, न्हायतर पडचाल आन् परत माज्याच नावानं बोंबलाल!"

सासऱ्याशी असं बोलतात का? मी कठडा धरला आणि सावकाश उतरलो.